बुसान आणि चौथी टाकी

जहाज रंगवणाऱ्याचे काम निदान दिसते. ते रंगकाम तपासणाऱ्याचे काही दिसत नाही आणि मी तपासणारा होतो. अठ्ठावीस वर्षे पेंट इन्स्पेक्टर, त्यातली एकोणीस कतारमध्ये. सुट्टीत कोल्हापूरला गेलो की थोरले काका विचारत, "तिकडं नेमकं करतोस काय?" मी समजावून सांगे. ते सगळे ऐकून घेत आणि म्हणत, "म्हंजे रंग वाळलाय का बघायचं." एवढ्यासाठी माणसाला विमानाने नेतात यावर त्यांचा अखेरपर्यंत विश्वास बसला नाही.

त्यांना नीट सांगता आले नाही ते इथे सांगतो. जहाजाच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात. जहाज पाण्यात नीट बसावे म्हणून गरजेप्रमाणे त्यांत समुद्राचे पाणी भरतात. या टाक्यांना आतून दिलेला रंग शोभेचा नसतो. तो सुटला की पोलाद गंजते. म्हणून रंगापूर्वी बारीक लोखंडी कणांचा मारा करून पत्रा उजळ करायचा, गोड्या पाण्याने धुऊन वाळवायचा आणि मग त्यावर मीठ उरले आहे का ते तपासायचे. किनाऱ्यावरच्या वाऱ्यातच मीठ असते. पत्र्यावर बसलेले ते डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाला लागत नाही. त्यासाठी पत्र्यावर एक लहान पट्टी चिकटवतात, सुईने तिच्याखाली थोडे शुद्ध पाणी सोडतात, तेच परत ओढून यंत्रात घालतात. यंत्र आकडा दाखवते. आकडा मर्यादेत असला तर इन्स्पेक्टर सही करतो आणि मगच रंगाचा पहिला हात पडतो. मीठ राहून गेले तर ते रंगाखालून पाणी ओढत राहते आणि वर्ष-दोन वर्षांत रंगाला फोड येतात.

हे सारे काही तासांचे काम असते. असे काही तास मी एकदा वाचवले, त्याविषयी मला लिहायचे आहे. त्याआधी बुसानविषयी लिहिले पाहिजे, कारण त्या शहराने मला पुष्कळ दिले आणि तिथल्या एका माणसाशी मी नीट वागलो नाही.

कतारमधल्या रास लफानच्या बंदरात गॅसची अजस्र जहाजे धक्क्याला लावण्यासाठी टगबोटी लागतात. आमच्या कंपनीने तशा चार टगबोटी दक्षिण कोरियात, बुसानच्या एका यार्डात बांधायला दिल्या आणि रंगकामावर लक्ष ठेवायला मला चौदा महिने तिथे पाठवले. बुसान हे त्या देशातले दुसरे मोठे शहर आणि सर्वांत मोठे बंदर. जाण्यापूर्वी मला एवढेच ठाऊक होते.

दोहा सपाट आहे आणि त्याचा बराचसा भाग मी उभा राहताना पाहिला आहे. तिथले द पर्ल हे बेट तर समुद्रात भर घालून केलेले. तिथे आराखडा आधी आला, माणसे मागाहून. बुसानमध्ये मला याच्या उलट दिसले. तिथे माणसे आधी आली आणि शहर त्यांच्यामागे धापा टाकत डोंगर चढले. समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत गोद्या, बाजार, मोठे रस्ते. त्याच्या वर उतारांवर घरांच्या ओळी, इतक्या दाट की एकाचे छप्पर म्हणजे वरच्याचे अंगण. पहिल्या दिवशी मला ते चित्र सुंदर वाटले. त्यामागचे कारण मला सोन बानजांगने सांगितले.

बानजांग म्हणजे मुकादम. यार्डातले रंगकाम कंत्राटी टोळ्या करत आणि आमच्या टगबोटी सोनच्या टोळीकडे होत्या. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, बुटका, मान आखूड, बोलणे तुटक. बुसानची बोलीच तशी आहे. राजधानीतले लोक मऊ बोलतात; बुसानकर हवापाण्याची चौकशीही दम दिल्यासारखी करतात. मला याचे नवल वाटले नाही. आमच्याकडेही जेवायला बोलावताना भांडायला बोलावल्यासारखेच बोलावतात. सोनला मोजके इंग्रजी येत होते, आणि मोजकेच बोलायची सवय असल्यामुळे त्याला ते पुरत होते.

इन्स्पेक्टर दोष दिसला की त्याभोवती खडूने गोल काढतो आणि मुकादम तो गोल निस्तरतो, ही जगभरची पद्धत. गोल जितके कमी तितका मुकादम खूश. पहिल्या महिन्यात एका टाकीत मी अकरा गोल काढून बाहेर आलो. दुपारी पाहतो तो बारा. बारावा एका कोपऱ्यात, वेल्डिंगच्या मागे, जिथे माझा टॉर्च पोचला नव्हता.

"हा कुणी काढला?" मी विचारले.

"मी."

"मला तो दिसला नव्हता."

"माहीत आहे," सोन म्हणाला. "पण मला दिसला."

इन्स्पेक्टरच्या नजरेतून सुटलेला आपलाच दोष दाखवणारा मुकादम मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

रविवारी तो मला शहर दाखवायला नेई. पर्यटकांचे किनारे त्याने मला कधी दाखवले नाहीत. पहिल्याच रविवारी त्याने मला योंगदो बेटाला जोडणाऱ्या जुन्या पुलावर नेले. कोरियात युद्ध पेटले तेव्हा जवळजवळ सगळा देश शत्रूच्या हाती गेला आणि बुसानचा कोपरा तेवढा उरला. तीच राजधानी झाली. उत्तरेकडून लाखो माणसे चालत, बोटीतून, आगगाडीच्या टपावरून या एका शहरात उतरली. वाटेत ताटातूट होणार हे सगळ्यांना दिसत होते, आणि बुसानमधली एकच जागा सगळ्यांना नावाने ठाऊक होती. म्हणून नवरा बायकोला, भाऊ बहिणीला सांगून निघाला की हरवलो तर योंगदोच्या पुलावर भेटू. पुलाच्या कठड्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लागत. पुलाखाली ज्योतिष्यांनी दुकाने मांडली, कारण आपले माणूस जिवंत आहे का हे विचारायला माणसे कुठेतरी जाणारच.

"माझी आजी रोज यायची," सोन म्हणाला. "पाठीवर माझी आई. आजोबांची वाट बघत."

"आले का ते?"

"नाही."

मग तो म्हणाला, "पण ज्योतिषी दर वेळी सांगायचा, पुढच्या महिन्यात. चांगला माणूस होता."

दुसऱ्या एका रविवारी आम्ही डोंगरावरच्या एका वस्तीत गेलो. जपानी राजवटीत तिथे जपान्यांची स्मशानभूमी होती. राजवट संपली, जपानी निघून गेले, त्यांचे मृत तिथेच राहिले. मग युद्धातले निर्वासित आले. सपाट जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी थडग्यांवर झोपड्या उभारल्या. नाव कोरलेले दगड पायाला लावले, पायरी म्हणून वापरले. आजही एखाद्या भिंतीच्या तळाशी जपानी अक्षरे दिसतात. मला वाटले, ज्यांनी यांच्यावर राज्य केले त्यांचेच दगड पायाखाली घालण्यात एक सूड असेल. सोन म्हणाला, तसे नाही. तिथले काही लोक सणाच्या दिवशी आपल्या पूर्वजांसाठी पान वाढतात तेव्हा त्या अनोळखी मृतांसाठीही वेगळे वाढतात. "त्यांच्या घरात राहतो," एवढेच कारण त्याने दिले. गरज पडली तेव्हा त्या शहराने दगड घेतला, आणि तो कुणाचा होता हे विसरले नाही. इतकी सभ्यता मला फार थोड्या ठिकाणी भेटली आहे.

सोनची आई योंगदोवरच, एकशे बेचाळीस पायऱ्या चढून गेल्यावर येणाऱ्या दोन खोल्यांत राहत होती. त्या बेटावर जहाजदुरुस्तीचे जुने यार्ड आहेत. पूर्वी गंजलेली जहाजे तिथे चढवली की जहाजाच्या अंगाला दोरांनी फळ्या टांगत आणि त्या फळ्यांवर बसून बायका लहान हातोड्यांनी गंज आणि शिंपले ठोकून काढत. दिवसभर कांग-कांग आवाज चाले, इतका की त्या आवाजाचेच नाव त्या वस्तीला पडले. सोनच्या आईने ते काम सव्वीस वर्षे केले, त्यात मुले शिकवली आणि कान घालवले. तिच्याशी ओरडून बोलावे लागे आणि तीही सगळ्यांशी ओरडूनच बोले.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चातुर्मास होता आणि मी त्या चार महिन्यांत मांस-मासे खात नाही. तिने पुढे ठेवलेला मासा मी नम्रपणे नाकारला.

"मासा म्हणजे काय मांस आहे?" तिने मुलाला विचारले. सोन दुभाषी झाला होता.

मी म्हटले, आमच्याकडे तसे मानतात.

"लग्न झालंय याचं?"

"झालंय."

"मग बायको कुठाय?"

"कतारमध्ये."

"बायको कतारमध्ये, हा इथे, आणि खातो बटाटे. हा नक्की इन्स्पेक्टर आहे ना? नीट चौकशी केलीस?"

मी तिथे एकूण सात-आठ वेळा जेवलो. दर वेळी बटाट्याचा प्रकार नवा असे, आणि दर वेळी ती चौकशी नव्याने होई.

आता त्या दिवसाकडे येतो.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला कोरियात चुसोक असतो. सारा देश आपापल्या गावी जातो आणि पूर्वजांना नव्या पिकाचे पान वाढतो. आपल्याकडे त्याच सुमारास पितृपक्ष सुरू होतो, हे मी सोनला सांगितले तेव्हा तो प्रथमच मोकळेपणाने हसला होता. त्या वर्षी चुसोकच्या सुट्टीआधीचा शेवटचा कामाचा दिवस होता. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये गणपती बसले होते आणि अनंत चतुर्दशीला सकाळी घरी पोचेन, असा शब्द मी पत्नी मीनलला आणि मुलीला दिला होता. माझे विमान संध्याकाळी होते.

चौथ्या टगच्या तीन टाक्या सकाळी तपासून झाल्या होत्या. चौथी राहिली होती. सकाळपासून समुद्रावरून वारा सुटला होता आणि तिचे झाकण उघडे होते.

"पुन्हा धुऊ," सोन म्हणाला. "वाळवू. मग टेस्ट."

"संध्याकाळ होईल."

"होऊ दे. दोन माणसं ठेवतो. मी थांबतो. बाकीचे गावी जातील."

म्हणजे अडचण त्याची नव्हती. त्या टोळीतल्या कुणाचाही सण चुकणार नव्हता. फक्त माझे विमान चुकणार होते. पण मी स्वतःला निराळे सांगितले. हा माणूस माझ्यासाठी सणाच्या तोंडावर अडकून पडणार, त्याची आई वाट पाहणार, तेव्हा याला मोकळे करणे हीच माणुसकी. आपल्या घाईला दुसऱ्याच्या सोयीचे कपडे घालण्यात मी किती तरबेज आहे, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते.

"गरज नाही," मी म्हणालो. "बाकीच्या तिन्ही स्वच्छ आहेत. हीही असेल."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "इन्स्पेक्टर ओके?"

"ओके."

मी तिसऱ्या टाकीचा आकडा पाहिला, शेवटचा अंक बदलला, चौथ्या टाकीच्या रकान्यात लिहिला आणि खाली सही केली. सोनने तो कागद वाचला आणि टोळीला रंग कालवायला सांगितले. चतुर्दशीला मी दोह्यात होतो. विसर्जन गॅलरीत, मोठ्या बादलीत झाले. मुलीने "यू मेड इट, बाबा" म्हणून मिठी मारली, आणि मला खरोखर आनंद झाला. तो आनंद खोटा नव्हता, हे मला अजूनही अवघड जाते.

दोन वर्षांनी ती टगबोट रास लफानला दुरुस्तीसाठी गोदीत आली. तीन टाक्या उत्तम होत्या. चौथीत हाताच्या पंजाएवढे फोड. यार्डाने हमी दिलेली होती, म्हणून बुसानहून सोन आणि त्याचे दोन कामगार आले. बैठक झाली. रंगाच्या कंपनीचा माणूस म्हणाला, आमचा रंग तिन्ही टाक्यांत टिकला आहे. आमच्या मॅनेजरनी माझा कागद वर धरला आणि म्हणाले, "मिठाचा आकडा मर्यादेत आहे, इन्स्पेक्टरची सही आहे. पृष्ठभाग स्वच्छ होता. मग रंग लावण्यातच चूक. खलास."

सगळे सोनकडे पाहू लागले. त्या खोलीत खरी गोष्ट ठाऊक असलेली दोन माणसे होती. सोन उभा राहिला, कमरेतून वाकला आणि म्हणाला, "माझ्या टोळीची चूक."

मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवत बसलो होतो.

पुढचे नऊ दिवस ते तिघे त्या टाकीत होते. उन्हाळा होता, टाकीत माणसाला उभे राहता येत नव्हते आणि पत्र्याला हात लावता येत नव्हता. मी एकदा थंड पाणी घेऊन गेलो. सोनने बाटली घेतली आणि "शुक्रन" म्हणाला. आभाराचा तो अरबी शब्द त्याने तिथल्या मजुरांकडून उचलला होता.

अकरा महिने गेले. कंपनीने त्याच यार्डाला आणखी दोन टगबोटी दिल्या आणि कंत्राटी टोळ्यांची यादी मंजुरीसाठी माझ्याच टेबलावर आली. तीत सोनची टोळी नव्हती. मी विचारणा केली. यार्डाचे उत्तर आले, "चौथ्या टाकीच्या प्रकारानंतर ती टोळी मुख्य यादीतून काढली आहे." सोन आता दुसऱ्या मुकादमाच्या हाताखाली रोलर मारत होता.

त्यानंतर मी जे पहिले पाऊल उचलले तेही भित्रेपणाचेच होते. मी शिफारस लिहिली, की ही टोळी अनुभवी आहे, तिला पुन्हा घ्यावे. म्हणजे त्याचे नुकसान भरून निघेल आणि माझे झाकलेले झाकलेलेच राहील. मॅनेजरनी बोलावून घेतले.

"ज्यांनी आपली टाकी बिघडवली त्यांचीच शिफारस करताय? का?"

प्रश्न साधा होता. खरे सोडून त्याला दुसरे उत्तर नव्हते, आणि ते मी तेव्हाही दिले नाही. जागेवर परत आलो, दोन दिवस घालवले आणि मग एका पानावर लिहिले: चौथ्या टाकीची चाचणी झाली नव्हती, आकडा मी मनाने लिहिला होता, मुकादमाने चाचणीचा आग्रह धरला होता आणि मी तो मोडला. एक प्रत मॅनेजरना दिली, एक यार्डाला पाठवली.

माझा सहीचा अधिकार गेला. नोकरी राहिली, ती मॅनेजरच्या भलेपणाने. आता मी दोह्याच्या ऑफिसात इतरांनी तपासलेले कागद फाइलला लावतो. सोनची टोळी यादीत परत आली. सोनकडून मात्र एक अक्षर आले नाही. आणि घरी मी सांगितले, "ऑफिसमध्ये रिस्ट्रक्चरिंग झालंय. साइटवर जायचा त्रास वाचला." मीनल म्हणाली, "बरं झालं, उन्हातून सुटलात." साऱ्या जगाला लेखी कळवलेली गोष्ट मी जिला तोंडी सांगायला हवी होती तिलाच सांगितली नाही.

गेल्या हिवाळ्यात नव्या दोन टगबोटी आल्या आणि त्यांच्याबरोबर सोन आला. मी बंदरावर निरोप ठेवला, शुक्रवारी घरी जेवायला या. येईल अशी खात्री नव्हती. दुपारी साडेबाराला तो दारात होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कोरियन पेअर फळांची पेटी. मी त्याच्या आईची तब्येत विचारली. "बरी आहे," तो म्हणाला. "विचारत होती, तो अजून बटाटे खातो का."

मीनलने पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड केले होते. मुलगी कॉलेजच्या सुट्टीत घरीच होती. सोन मन लावून जेवत होता. मीनलने घरच्या इंग्रजीत कौतुकाने विचारले, "तुम्ही आणि हे वर्षभर एकत्र काम केलंत ना? कसे होते इन्स्पेक्टर म्हणून?"

मी श्रीखंडाचा चमचा उचलला. काहीतरी बोलून विषय दुसरीकडे न्यावा असे मनात होते. सोनने पुरी ताटात ठेवली.

"चांगले," तो म्हणाला. "एकदा खोटं लिहिलं. मग खरं लिहिलं. मी दोन्ही कागद वाचले आहेत."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मीनल मराठीत म्हणाली, "म्हणजे ते रिस्ट्रक्चरिंग?"

"नव्हतं," मी म्हणालो.

सोनला मराठी येत नव्हते, पण झाले काय ते त्याला कळले. तो अवघडला नाही. मी त्याला विचारले, "त्या बैठकीत तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही खोटं लिहिलंत. रंग कुणी लावला?" तो म्हणाला. "मी. टेस्ट नाही, हे माहीत असून. आणि तुमचा एक कागद खोटा म्हटलं असतं, तर चारी टगचे सगळे कागद खोटे ठरले असते. माझ्या माणसांचं सगळं काम खोटं. म्हणून माझी चूक म्हणालो. तुमच्यासाठी नाही."

"आणि माझं पत्र वाचल्यावर?"

"राग आला. उशीर केलात." त्याने पुरीचा तुकडा मोडला. "मग आईला वाचून दाखवलं. दोनदा. तिला ऐकू येत नाही."

मीनलने त्याच्या ताटात आणखी दोन पुऱ्या वाढल्या. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"अहो, आता सगळं सांगा. पहिल्यापासून. त्यांना कळेल अशा इंग्रजीत, म्हणजे चुकलात तर ते सांगतील."

मी सुरुवात केली. त्या दिवशी विमान संध्याकाळी होतं, सण तोंडावर होता, वारा सुटला होता.

सोनने हात वर केला. "त्याच्या आधी," तो म्हणाला. "टाकी धुण्याबद्दल मी काय म्हणालो होतो, ते आधी सांगा."